डावी बाजू

रविवार, ३ जानेवारी २०१६. वारजे

स्वराली सकाळी खराडीहून पेढे घेऊन आली. मला क्षणभर वाटलं, पोरीनं लग्न ठरवलं. तर निघाली न्यूझीलंडची तिकिटं! मार्चमध्ये, आम्हा दोघांची. तिला कंपनीत बढती मिळाली, त्यातून ही आईबाबांना भेट. विमान, मुक्काम, सगळं तिनं ऑफिसात बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर ठरवून टाकलं. मी टेलिफोन खात्यात जन्मभर ट्रंक कॉल जोडले, लोकांचे आवाज साता समुद्रापलीकडे पोचवले, स्वतः मात्र कधी गेले नाही. डोळे भरून आले.

मग ती म्हणाली, "आणि आई, टूरबिर नाही हं. सेल्फ ड्राइव्ह. गाडी एअरपोर्टवरच मिळेल, बाबा चालवतील."

भरलेले डोळे जागच्या जागी सुकले.

दिगंबर मात्र खूश. (तोंडावर मी त्यांना अहो म्हणते. वहीत नावानं लिहिते, एवढी चैन मला चालते.) म्हणाले, "तिथंही डावीकडूनच चालवतात. आपल्यासारखंच."

"आपल्याकडे डावीकडून चालवतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं. स्वराली हसली. ते हसले नाहीत.

दुपारी तिला सोडायला निघालो तर सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली. दिवाळीतही घासली होती. दिगंबर उतरून वॉचमनला म्हणाले, "खांब हलवलात का हो?" तो बिचारा खांबाकडेच बघत राहिला.

मी भित्री आहे हे घरात सर्वमान्य आहे. पण परका देश, परक्या माणसांचे रस्ते... जाऊ दे. सगळं आजच घाबरून संपवलं तर दोन महिने काय करू?

मंगळवार, १९ जानेवारी

परदेशात गाडी चालवायच्या परवान्यासाठी संगम पुलाजवळ आरटीओत गेलो होतो. स्वरालीनं हट्टानं माझाही अर्ज भरला. "लायसन आहे ना तुझं? मग असू दे."

लायसन आहे. शिकले तेव्हा बरी चालवत होते. पण दिगंबर शेजारी बसले की दर गिअरला 'च्च' करायचे. त्या 'च्च'नं माझी गाडी हळूहळू बंद पडली. आता बिबवेवाडीला ताईकडे जायचं तेवढी चालवते, तीही ते दुपारचे झोपलेले असताना.

डॉक्टरचा दाखला लागतो. एजंटानं बाहेरच एका टेबलाशी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता दोघांच्याही कागदांवर सही-शिक्का मारला.

"डोळे तपासायचे नाहीत का?" मी विचारलं.

दिगंबर पटकन म्हणाले, "एकेकाच्या डोळ्यांत बघत बसले तर रांग मुंबईपर्यंत जाईल. चल."

एरवी हेच गृहस्थ असलं काही दिसलं की वर्तमानपत्राला पत्र लिहितात. आज गप्प. प्रवासाची हौस माणसाला सैल करते, दुसरं काय.

रविवार, ७ फेब्रुवारी

अक्षर नीट येत नाहीये.

सकाळी स्वरालीनं आम्हाला तिथले नियम व्हिडिओवर दाखवले. हॉर्न वाजवणं म्हणजे तिथं शिवीच. आपल्यामागे गाड्या साठल्या तर बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं. कितीतरी पूल एकेरी. पुलाआधी डाव्या हाताला पाटी असते, आपल्या दिशेचा बाण लाल नि लहान असेल तर आपण थांबायचं आणि समोरच्याला येऊ द्यायचं. दिगंबर म्हणाले, "म्हणजे अख्खा देश 'आधी आपण, आधी आपण' करत उभा असतो म्हण की."

मग सराव म्हणून हॉर्न न वाजवता डेक्कनपर्यंत जायचं ठरलं. कर्वेनगरपाशी आमच्या डाव्या बाजूनं एक बाई स्कूटरवरून चालली होती, पुढे चिमुरडी उभी. दिगंबरांनी गाडी डावीकडे घेतली. सावकाश, काही नसल्यासारखी. मी किंचाळले. ब्रेक लागला तेव्हा स्कूटरचा आरसा आमच्या काचेला टेकला होता. ती मुलगी हातभरावरून माझ्याकडे बघत होती. आई इतकी हादरली होती की शिवीसुद्धा देईना.

"कुठून उगवली ही?" दिगंबर म्हणाले.

उगवली नव्हती. वारज्याच्या पुलापासून शेजारूनच येत होती. मी त्या पोरीच्या रिबिनी बघत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "मंदा, तू किंचाळतेस आणि माझा हात हलतो. तुझ्या किंकाळीनंच एक दिवस अपघात होईल."

खरंच असं असेल का? हल्ली गाडीत बसलं की मी सीटची कड धरून बसते, फाटकापासूनच. माझंच काहीतरी बिनसलंय. स्वरालीला फोन करून म्हटलं, आपण तिथं बसनं फिरू. ती म्हणाली, "आई, तू ओव्हररिअ‍ॅक्ट करतेयस. बाबा माझ्या जन्माआधीपासून चालवतायत."

ठरवलंय: गाडीत बसताना रुमाल दातांत धरायचा.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. चिवडा, मेतकूट. विमानतळावर खायच्या जिनसा दाखवाव्या लागतात म्हणे. मेतकुटाचं काय सांगायचं देव जाणे.

दिगंबर बॅगेपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला ते डोंगर बघायचेत, मंदा. नीट बघायचेत. नंतर बघू, नंतर बघू म्हणता राहून जातं." असलं हळवं बोलणं त्यांचं नव्हे. नोकरी संपली की माणूस बदलतो.

मग वळताना डाव्या बाजूचं स्टूल पाडलं आणि "हे इथं कोणी ठेवलं" म्हणून माझ्यावरच खेकसले, तेव्हा जरा बरं वाटलं.

बुधवार, २ मार्च. टेकापो

काल क्राइस्टचर्चला उतरलो. पांढरी गाडी मिळाली. गिअर नाहीत, डाव्या पायाला काम नाही.

आज इथवर आलो. वाटभर मी रुमाल चावला. रस्ते रिकामे, गुळगुळीत, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते. पुण्यात चुकलं तर वीसच्या वेगात चुकतं. इथं सगळे शंभरनं जातात. आमची गाडी सारखी डावीकडे ढळायची, चाक खडीवर जाऊन खरखर व्हायची, की दिगंबर दचकून उजवीकडे ओढायचे. दोनदा मधली पिवळी रेघ ओलांडली. समोरून येणाऱ्या ट्रकनं दिवे मारले.

मागे गाड्यांची शेपटी लागली होती. "अहो, बाजूला घ्या ना, जाऊ द्या त्यांना."

"कुठं घेऊ? जागा तरी दिसतेय का?"

डावीकडे जागाच जागा होती. पाटीही होती. पण मी आणखी बोलले तर हात हलेल, म्हणून गप्प बसले.

तळं बघितलं. निळं इतकं की खोटं वाटावं. दिगंबर काठावर खूप वेळ उभे होते, मान पार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, "काय शोधताय?" म्हणाले, "काही नाही. सगळं घेतोय."

शुक्रवार, ४ मार्च. पश्चिम किनाऱ्यावरचं एक लहान गाव

जे झालं ते उजेड आहे तोवर लिहून टाकते.

वानाकाहून घाट उतरून इकडे आलो. एकामागून एक एकेरी पूल. पहिल्या दोन पुलांवर समोर कोणी नव्हतं. तिसऱ्याच्या अलीकडे डावीकडे पाटी होती, लाल बाण आमचा. पलीकडून एक गाडी पुलावर चढलीसुद्धा होती, मागे घरासारखं डबडं ओढत. मला वाटलं दिगंबर थांबतील. वेग कमी होईना. मी रुमाल चावत राहिले. स्वतःला बजावत राहिले, किंचाळायचं नाही, किंचाळायचं नाही. आम्ही पुलावर चढलो.

मग मी किंचाळलेच. रुमाल कुठे पडला आठवत नाही.

दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मधे एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा होती. समोरच्या गाडीत नवरा-बायको आणि मागे दोन मुलं. तो माणूस ओरडला नाही. नुसते हात चाकावर ठेवून, डोळे मिटून बसून राहिला. मी ते चेहरे विसरणार नाही. आमच्या मागून आलेली एक लाल गाडी पुलाअलीकडेच थांबून राहिली होती. दिगंबर गाडी मागे मागे घेत पुलावरून उतरले, तेव्हा तिला घासता घासता वाचलो.

पुढच्या गावात पेट्रोलला थांबलो. दिगंबर उतरत होते तेवढ्यात लाल गाडी शेजारी लागली. साठीची एक बाई उतरली, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती सरळ आली, खिडकीतून हात घातला आणि आमची चावी काढून घेतली.

"माफ करा," ती म्हणाली. "मी तुमच्यामागे घाटापासून आहे. मी पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत चावी माझ्याकडे राहील."

दिगंबर ओरडले, "हा कुठला न्याय? आम्ही पाहुणे आहोत! आम्ही काळे म्हणून—"

"नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मागच्या हिवाळ्यात याच रस्त्यावर पाहुण्यांच्या गाडीनं माझा भाऊ गेला. ते लोक युरोपातले होते. चांगले होते. अजून मला पत्रं लिहितात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा घ्याल? तुमचे ओठ पांढरे पडलेत."

मी आजवर कोणा परक्यासमोर रडले नव्हते. आज पेट्रोल पंपावर रडले.

पोलीस आला. कोवळा पोरगा, दिगंबरांना दर वाक्याला सर म्हणत होता. म्हणाला, "सर, सरळ माझ्या नाकाकडे बघा. मी किती बोटं दाखवतोय?" त्याचा हात दिगंबरांच्या डाव्या बाजूला वर होता. तीन बोटं. मला दिसत होती, त्या बाईला दिसत होती. दिगंबर काही बोलेनात. रागाच्या भरात त्यांनी उत्तरच दिलं नाही. त्यानं हात हळूहळू मधे आणला. बराच मधे. मग दिगंबर म्हणाले, "तीन." पोरानं हात खाली घेतला आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं की सरांनी आता गाडी चालवायची नाही.

"तुम्हाला येते का चालवायला?" त्यानं मला विचारलं.

"नाही, तिला जमत नाही," दिगंबर म्हणाले.

"येते," मी म्हटलं.

शनिवार, ५ मार्च. त्याच गावात

दिगंबर खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. अपमान झाला म्हणावा तर तेही म्हणत नाहीत.

त्या बाईचं नाव जोन. सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "चला, शाळेच्या मागे मोठं मैदान आहे. तिथं कोणाला मारणार नाही तुम्ही, फार तर बदकांना."

मी घामाघूम. त्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या. मी करकचून ब्रेक मारला, तरी 'च्च' नाही. एक फेरी झाल्यावर म्हटलं, "मला फार भीती वाटते."

"कशाची?"

विचार करून सांगितलं, "काल समोरच्या गाडीत मुलं होती."

"मग भीती असू द्या," त्या म्हणाल्या. निघताना कागदावर फोन नंबर लिहून दिला. रस्त्यात काही लागलं तर करा म्हणाल्या.

रविवार, ६ मार्च. वाटेतल्या मुक्कामी

चालवली. मी चालवली.

बसण्यापूर्वी देवाचं नाव घेतलं, आणि ज्यांच्या रस्त्यावर मी निघाले होते त्या सगळ्या अनोळखी माणसांची मनातल्या मनात माफी मागितली. ऐंशीच्या पुढे गेले नाही. आरशात गाडी दिसली की जागा बघून बाजूला व्हायचं, जाऊ द्यायचं. जाणारा बोट उचलून आभार मानायचा. पहिल्या पुलाशी लाल बाण नव्हता, आधी जायचा मान माझा होता, तरी मी थांबलेच. पलीकडचाही थांबला. दोघं उभे. शेवटी तो हसून आला. पुढच्या पुलावर मात्र मी गेले. चाक अगदी सरळ होतं.

दिगंबर डावीकडच्या सीटवर. मागे चार-पाच गाड्या साठल्या म्हणून मी समुद्राकडेच्या मोकळ्या जागेत थांबले. गाड्या गेल्या. मी निघणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब जरा."

मग समोर काचेतून बघत म्हणाले, "मला त्याचा हात दिसला नव्हता."

मला कळेना.

"परवा. त्या पोलिसाचा. मला दिसलाच नव्हता, मंदा. डावीकडचं मला दिसत नाही."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याचाही नाकाकडचा भाग जातोय. थेंब दिले होते. थेंबांनी फरक काही दिसेना, म्हणून घालणं सोडलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, म्हणून डॉक्टरांकडे जाणं सोडलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"मी घाबरतच होते, अहो! मला वाटत होतं, माझं डोकं फिरलंय. रुमाल चावत होते मी. तुम्ही बघत होतात."

त्यांनी मान खाली घातली. "डोळे आहेत तोवर हे सगळं बघावं असं वाटलं. आणि एकदा शेवटचं चालवावं."

"शेवटचं कोणाचं?" मी विचारलं.

उत्तराची मी वाट पाहिली नाही. आरसा बघितला, रस्ता रिकामा होता, गाडी काढली. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. आणि रागाच्या खाली पुन्हा तीच भीती: या माणसाचे डोळे चाललेत आणि दोन वर्षं हा एकटाच ते बघतोय.

सोमवार, ७ मार्च

सकाळी दिगंबर म्हणाले, "तो नंबर दे." मी म्हटलं, "मी लावून देते." मोटेलच्या फोनवरून लावला. जोन आल्या लाइनवर. मी रिसीव्हर दिगंबरांच्या हातात दिला आणि बाहेर गेले. जोडून दिलेल्या कॉलवर थांबायचं नसतं, हे खात्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बायकोला नीट रस्ता सांगत जा."

आज मोठा घाट होता. दिगंबर सबंध घाटभर नकाशा मांडीवर धरून होते. "पुढे वळण आहे, उजवीकडे. मग पूल. हळू." एकदाही 'च्च' नाही. मला ते क्षमा मागतायत हे कळत होतं. मी क्षमा केली असं नाही. पण वळणं त्यांनी बरोबर सांगितली.

शुक्रवार, १८ मार्च. पुणे

आल्यावर दिगंबरांनी स्वरालीला स्वतःच सांगितलं. ती रडली. "गाडी मी बुक केली होती, बाबा," एवढंच म्हणत राहिली. ते तिच्या डोक्यावर हात फिरवत बसले. गाडीच्या चावीचा विषय कोणी काढला नाही. ती माझ्या पर्समध्ये आहे.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चालवली मीच. कर्वे रस्त्यावर तीन रिक्षा आणि एक म्हैस आडवी आली. म्हशीला थांबून जाऊ दिलं, तर मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. दिगंबर म्हणाले, "तिकडे बोट उचलतात, इकडे पाचही उचलतात." मी हसले. परत आल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टर बोलायला मऊ होते. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. उरलेलं टिकवायचं. पण उरलंय किती हे आधी बघावं लागेल.

मशीनच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी दिगंबरांना बसवलं. हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यात बघायचं. आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला भिंतीशी स्टुलावर बसायची परवानगी मिळाली. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "काकू, मधे बोलायचं मात्र नाही हं."

तिचा पडदा मला तिरपा दिसत होता. जिथं दिवा लागायचा तिथं पडद्यावर ठिपका उमटायचा. उजवीकडे ठिपका, टिक. उजवीकडे वर, टिक. खाली, टिक.

मग ठिपका डावीकडे आला.

दिगंबर सरळ बसून होते. अगदी लक्ष देऊन, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे, अंगठा बटणावर. ठिपका गेला. दुसरा आला, थोडा जवळ. तोही गेला. आणखी एक. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. अहो, तिथं आहे, तिथं, डावीकडे.

ते वाट बघत होते, पुढचा दिवा कधी लागतो म्हणून.